ता. क. मध्ये लपवलेली गाठ

पत्र आधी देते, थोडं छोटं करून आणि गाव-नाव काढून:

"ताई नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातली, वय 38, घरी शिलाई मशीन आहे, ब्लाऊज शिवते, आणि घरची द्राक्षबाग आहे. मागच्या महिन्यात आशाताई आल्या होत्या, तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांची तपासणी आहे, छातीची पण, असं सांगून गेल्या. सासूबाई 56 च्या आहेत, त्या म्हणाल्या मला काय धाड भरलीय, चांगली खाते-पिते, परक्यापुढं अंग उघडं करायचं वय आहे का माझं. हे म्हणतात नाही ते शोधायला गेलं की सापडतंच, आधी छाटणी होऊ दे मग बघू. माझी मावशी छातीच्या कॅन्सरनंच गेली त्यामुळं मला भीती वाटते. कुणी म्हणतं मॅमोग्राफी करून घे, कुणी म्हणतं त्या मशीनच्या रेडिएशननंच कॅन्सर होतो. तर सासूबाईंना कसं तयार करू आणि मॅमोग्राफी करावी की नको एवढं सांगा.
ता. क. माझ्या डाव्या बाजूला काखेकडं आंघोळ करताना हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागतं, दीडेक महिना झाला, दुखत मात्र नाही म्हणून लक्ष दिलं नाही."

अगं बाई, प्रश्न दोन विचारलेस आणि खरी गोष्ट ता. क. मध्ये ढकललीस! मी शेवटची ओळ वाचली आणि आधी वर जाऊन पत्राची तारीख बघितली, किती दिवस गेले म्हणून. उत्तराचा पहिला भाग तुला तेव्हाच कळवलाय, पण बाकीच्यांसाठी इथं परत लिहिते कारण अशी पत्रं माझ्याकडं बरीच येतात, चार पानं सासू-नवरा-पोरं आणि स्वतःचं काय ते शेवटच्या ओळीत, ते पण "सहज आठवलं म्हणून" असं.

तर ऐक. तुला स्क्रीनिंगची गरज नाही. चुकीचं लिहिलं नाहीये, नीट वाच. स्क्रीनिंग म्हणजे जिला काही म्हणजे काही तक्रार नाही अशा बाईची तपासणी, आतल्या आत काही सुरू तर नाही ना हे बघायला. तुझ्या हाताला गाठ लागतेय, म्हणजे तू त्या रांगेतली राहिलीच नाहीस, तू सरळ डॉक्टरकडं जायचं आणि ह्याच आठवड्यात जायचं. शिबिर कधी लागणार, आशाताई परत कधी येणार, छाटणी कधी उरकणार, कशाचीच वाट बघायची नाही. स्क्रीनिंगचं मी खाली लिहिलंय पण ते सासूबाईंसाठी.

आता ते "दुखत मात्र नाही". हे तू स्वतःला धीर द्यायला लिहिलंस, कळतंय मला. आपली भाषाच तशी आहे बघ, आजाऱ्याला आपण दुखणाईत म्हणतो, आजार म्हणजे दुखणं, दुखणं नाही तर आजार नाही, झालं. आणि ह्या रोगाची खोड नेमकी हीच की सुरुवातीला तो बहुतेक वेळा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जे जड होतं, ठणकतं, ते हार्मोन्सचं असतं आणि त्याला बायका घाबरतात. म्हणजे जे दुखतं त्याची काळजी आणि जे दुखत नाही त्याला माफी, असा उलटा हिशोब चाललेला असतो घरोघरी.

घाबरवत नाहीये हं मी. तुझ्या वयात लागणाऱ्या गाठी बहुतेक साध्याच निघतात. फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची एक गाठ असते, बोटाखालून निसटते, किंवा सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ, किंवा नुसतंच पाळीमुळं घट्ट झालेलं. पण कुठली साधी आणि कुठली नाही हे नुसता हात लावून तू ठरवू शकत नाहीस, मी नाही, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरही नाही, त्यांनाही फोटो आणि सुईची तपासणी लागते.

माझ्या आत्याचं सांगते, थोडक्यात, कारण लांबवलं की मलाच त्रास होतो. तिला गाठ कळलेली होती. तिनं कुणाला सांगितलं नाही. मुलीचं लग्न ठरत होतं, पाहुण्यांत बोभाटा नको म्हणून पहिलं वर्ष गेलं, मग एकदा धीर करून एका डॉक्टरांना दाखवलं तर ते हात न लावता लांबूनच म्हणाले, दुखत नाही ना, मग गोळ्या घ्या. आत्या खूश. आम्हाला कळलं ते ब्लाऊजला डाग पडायला लागल्यावर, तोवर दोन वर्षं झालेली आणि रोग हाडात गेलेला. मला आत्याचा राग येत नाही, त्या लांबून बघणाऱ्या डॉक्टरांचा अजून येतो. म्हणून तुला सांगते, जिथं जाशील तिथं डॉक्टरनं हातानं तपासलं पाहिजे, दोन्ही बाजू आणि काखा, बसवून आणि झोपवून. नाही तपासलं तर उठ आणि दुसरीकडं जा, केसपेपरचे पैसे गेले तर गेले.

कुणाकडं जायचं? बायका आधी बाळंतपणाच्या डॉक्टरकडं जातात, ओळखीच्या असतात म्हणून, चालेल, पण छातीच्या गाठीचं काम सर्जनचं. उपजिल्हा रुग्णालयात किंवा सोलापूरला सिव्हिलला सर्जन असतात, आणि तुम्हाला बार्शी जवळ असेल तर तिथं कॅन्सरचं हॉस्पिटलच आहे. बाईमाणूस डॉक्टर हवी असेल तर तसं सांगायचं, आणि पुरुष डॉक्टर असले तर तपासताना सिस्टरला खोलीत उभं करायला लावायचं, हा आपला हक्क आहे, लाजायचं नाही.

तिथं काय होतं ते आधीच सांगते म्हणजे टेन्शन कमी. पहिलं हातानं तपासणं. मग फोटो. चाळिशीच्या आतल्या बायकांची छाती घट्ट असते, मॅमोग्राफीत ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते, पांढऱ्या भिंतीवर चुन्याचा ठिपका शोधल्यासारखं, म्हणून तुझ्या वयाला सोनोग्राफी आधी करतात आणि लागली तर जोडीला मॅमोग्राफी. रिपोर्टवर बायरॅड्स असं लिहून पुढं एक आकडा असतो. 1 किंवा 2 म्हणजे फोटोत काळजीचं काही नाही, 3 म्हणजे बहुतेक साधीच पण सहा महिन्यांनी परत बघू, 4 किंवा 5 म्हणजे तुकडा तपासायचाच. आणि 0 आला तर उगाच आनंदू नकोस आणि रडूही नकोस, त्याचा अर्थ एवढाच की अजून एखादा फोटो लागेल.

तुकडा म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून जाड सुईनं शेवईएवढा तुकडा काढतात, दिवसभरात घरी. आता ह्याच्यावर गावात जे बोलतात ते मला माहितीय, "सुई लावली की पसरतो", "लोखंड लागलं की चवताळतो". नाही गं. सुईनं कॅन्सर होत नाही आणि सुई लागली म्हणून तो अंगभर जात नाही, पसरतो तो न तपासता बसून राहिल्यामुळं, आणि मग शेवटी सुई लावली की दोष सुईवर. ह्याच्या उलट एक चूक मात्र खरंच होते. कुठं कुठं घाईनं म्हणतात, गाठ आहे ना, अर्ध्या तासात काढून टाकू. बायोप्सी न करता गाठ कापून घ्यायची नाही! ती साधी निघाली तर ठीक, पण तो रोग निघाला तर आधी केलेल्या अर्धवट ऑपरेशनमुळं पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. आणि अंगातून काढलेला कुठलाही तुकडा लॅबला गेलाच पाहिजे, त्याचा कागद हातात आला पाहिजे. मी असे लोक बघितलेत ज्यांची गाठ काढली आणि तपासायलाच दिली नाही.

समजा, नुसतं समजा, की रिपोर्ट नको तो आला. तरी मावशीच्या वेळचं सगळं जसंच्या तसं डोळ्यापुढं आणू नकोस. हरभऱ्याएवढी गाठ असताना सापडणं आणि लिंबाएवढी होऊन सापडणं ह्यात फार फरक आहे. लहान असली तर बऱ्याच जणींची छाती पूर्ण काढावी लागत नाही, गाठ आणि भोवतीचा भाग काढून वर रेडिएशन देतात. पैशाचं म्हणशील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, रेडिएशन बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडं जायचं. निदानाच्या आधीच्या तपासण्यांचे पैसे मात्र कुठं पडतात कुठं नाही, ते काउंटरवर विचारून घे.

आता तुझे अहो. "नाही ते शोधायला गेलं की सापडतंच." त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, की ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवा आला की रोज पहाटे बागेत जाऊन पानं उलटी करून करून काय बघता? डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. पानाच्या मागं बोटभर पांढरं दिसलं की त्याच दिवशी पंप बाहेर निघतो, का घडावर येईस्तोवर थांबता? पान उलटं केलं म्हणून डाऊनी येत नाही, आलेली असते ती दिसते एवढंच, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं, बागायतदार माणूस. छाटणी सोडून त्यांनी यावं असंही मी म्हणत नाही. छाटणीला मजूर ठरलेले असतात, दिवस पुढं ढकलता येत नाहीत, मान्य. मग तू जाऊबाईला घे, बहिणीला घे, आशाताईला घे. त्यांच्या परवानगीसाठी थांबू नकोस पण सांगून जा, चोरून नको, कारण पुढं काही निघालंच तर धावपळ त्यांनाच करायचीय. आणि माझा अनुभव असा की हे असं तोडून बोलणारे नवरे बहुतेक वेळा आतून टरकलेले असतात.

मावशीचं. आईची बहीण म्हणजे जवळचं नातं, डॉक्टरला सांगायचंच, पण तेवढ्यावरून आपलं नशीब ठरलं असं धरून चालू नकोस. घराण्यातून येणारा म्हणजे बीआरसीए वगैरे जनुकांमुळं होणारा कॅन्सर शंभरातल्या पाच-दहा जणींचा, बाकीच्यांपैकी बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो. म्हणजे "आमच्या घरात नाही, आम्हाला काय होतंय" हेही तितकंच चूक. महत्त्वाचं काय तर मावशीला कितव्या वर्षी झाला होता, आणि अजून कुणाला होता का, अंडाशयाचा कॅन्सर कुणाला होता का. आणि वडिलांकडच्या बायका पण मोजायच्या हं, आत्या, चुलत आत्या, आजी, लोक फक्त आईकडचंच सांगतात, पण जनुकं वडिलांकडूनही येतात.

मॅमोग्राफीच्या रेडिएशनचं आता. असतं, पण किती? आपल्याला रोज जमिनीतून-आकाशातून जे नैसर्गिक रेडिएशन मिळतच असतं ते सातेक आठवड्यांत जेवढं होईल साधारण तेवढं एका मॅमोग्राफीत. त्यानं कॅन्सर होईल म्हणून ती टाळणं म्हणजे ऊन लागेल म्हणून वाळवणच न घालणं. दुखतं थोडं, दोन प्लेटांमध्ये दाबतात, काही सेकंदांचं काम. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात गेलं तर कमी दुखतं, आणि त्या दिवशी काखेत पावडर-डिओ काही लावायचं नाही, फोटोत ठिपके येतात. बाकी काही तक्रार नसलेल्या पंचविशी-तिशीतल्या मुलींनी मॅमोग्राफीचं पॅकेज ऑफरमध्ये आहे म्हणून करून येऊ नये. ऑक्टोबर लागला की सगळीकडं गुलाबी फिती आणि डिस्काउंट सुरू होतात, फितीला माझी हरकत नाही, पण कुणाला काय लागतं हे वयावर आणि तक्रारीवर ठरतं.

आता आल्या सासूबाई. त्यांची मला जास्त काळजी आहे असं म्हटलं तर हसशील, पण 56 म्हणजे नेमकं ते वय आहे जिथं नुसत्या तपासणीचा फायदा खरोखर दिसलाय, आणि तो दिसलाय आपल्या मुंबईत. टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाख बायका घेऊन एक मोठं काम केलं. अर्ध्या बायकांची दर दोन वर्षांनी छाती तपासली, मशीन नाही, मॅमोग्राफी नाही, नुसत्या हातानं, आणि हात कुणाचे तर डॉक्टरांचे नाही, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य सेविकांचे. वीस वर्षं लक्ष ठेवलं आणि 2021 ला निकाल छापला. तपासलेल्या बायकांचा रोग लवकरच्या स्टेजला सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ह्या कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूचा असा फरक दिसला नाही, तेही सांगते, अर्धं सांगून दिशाभूल नको. तर उपकेंद्रातली सिस्टर "नुसता हात लावून" काय करणार असं सासूबाई म्हणाल्या तर हे सांग.

सरकारचा कार्यक्रम आहेच, तिशीच्या पुढं फुकट तपासणी, आशाताई एक फॉर्म भरतात, मग उपकेंद्रात बीपी, शुगर, तोंड, छाती आणि गर्भपिशवीचं तोंड बघतात. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 च्या बायकांना विचारलं, कधी छाती तपासून घेतली का, तर देशभरात शंभरात एकही भरत नाही, 0.9 टक्के! आणि दुसरीकडं 2022 चा अंदाज बघितला तर एका वर्षात देशात ह्या छातीच्या कॅन्सरचे नवीन रुग्ण 1 लाख 92 हजार आणि मृत्यू 98 हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला झोप लागत नाही.

पण आकडे सांगून सासूबाई उठणार नाहीत, माझी आई पण उठली नसती. त्यांना छातीचं नावच काढू नकोस आधी. मिश्री लावतात का गं त्या? त्या वयाच्या बऱ्याच बायका लावतात. मग म्हणायचं, चला आत्याबाई, शुगर-बीपी आणि तोंड दाखवून येऊ, मिश्रीनं हिरड्या खराब झाल्यात का बघू. तोंडाची तपासणी त्यांना खरंच हवीय, त्यात खोटं काही नाही. तिथं गेल्यावर बाकीचं सिस्टर करते, बंद खोलीत, बाईच असते, पाच मिनिटं. आणि खरं सांगू का, तू त्यांना तुझ्या गाठीचं सांग. सून घाबरलीय आणि सोबत हवीय म्हटल्यावर किती सासवा पदर खोचून उठल्यात ते मी बघितलंय, स्वतःसाठी न जाणारी बाई दुसरीसाठी लगेच निघते.

एक गोष्ट तुमच्याच भागातली. बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. त्या लोकांनी गावोगाव जाऊन नुसतं बोलणं सुरू केलं, मशीन-बिशीन नेलं नाही, लक्षणं काय आणि लवकर या एवढंच सांगत फिरले, आणि काही वर्षांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला दवाखान्यात यायला लागल्या. नुसत्या बोलण्यानं! हे तुला का सांगते तर तू ब्लाऊज शिवतेस. गावात डॉक्टरच्या आधी बायकांचं अंग कुणाला माहीत असेल तर ते टेप घेऊन माप घेणाऱ्या बाईला. "एका बाजूला थोडा सैल ठेव गं" असं म्हणणारी तुझ्याकडं कधीतरी आली असेल किंवा येईल. तिला तेव्हा विचार, का सैल. छाती नव्यानं लहान-मोठी दिसायला लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली किंवा कुठं खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं जे आधी नव्हतं, त्यातून रक्तासारखं पाणी आलं, त्याच्यावरची खाज-खपली मलम लावून जात नाही, काखेत गाठ, ह्यातलं काहीही ऐकलंस तर माप राहू दे बाजूला आणि दवाखान्यात पाठव. स्वतःच्या छातीची ओळख ठेवायची ती पण एवढ्यासाठीच, दर महिन्याला कॅलेंडर लावून परीक्षा दिल्यासारखं दाबत बसायचं असं नाही, त्यानं मृत्यू कमी होतात असं काही मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही, पण आपलं नेहमीचं कसं असतं हे माहीत असलं की वेगळं काय ते पटकन कळतं. तुला कळलंच की, आंघोळ करताना. कळलं ते बरोबरच केलंस, पुढचा दीड महिना तेवढा चुकला.

तर आता असं कर. आज आईला फोन लाव आणि मावशीला कितव्या वर्षी झालं होतं, कुठल्या बाजूला, ते विचारून कागदावर लिहून घे, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. शेवटची पाळी कधी आली ती तारीख लिही, गाठ कधीपासून, वाढली का, तेही. शिलाईची कामं दोन दिवस थांबली तर कुणाचं लग्न मोडणार नाही. सोमवारी सकाळी ओपीडी असते, लवकर जा, गर्दी असते. रिपोर्ट आला की फोटो काढून मला पाठव, आकडा कुठला आलाय ते आपण दोघी बघू, आणि "काही नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर तेवढ्यावर परत येऊ नकोस, कागद घेऊनच ये.

ता. क. साडी नेसणार असलीस तर पुढून हुकांचा ब्लाऊज घाल, मागून हुकवाला नको, तिथं सारखं काढघाल करायला लागतं. आणि डबा ने, सोनोग्राफीच्या रांगेत जेवणाची वेळ टळते.